धम्मपालने घासलेली वाट

त्या आठवड्यात भीमाबाईच्या घरात दही इतकं झालं की सून संघप्रिया वैतागली. सकाळी कढी, रात्री कढी, मधल्या वेळेला ताक. तरी सासूबाई दर दुपारी वाटीत विरजण घेऊन घरात हजर. शेवटी मुलगा धम्मपाल ताट पुढे ओढत म्हणाला, "माय, आता कढीवरच जगायचं ठरलंय का आपलं?"

"उन्हाचं बरं असतंय पोटाला," भीमाबाई म्हणाली.

खोटं, साफ खोटं. त्या बाईला ताकाचा वाससुद्धा आवडायचा नाही. खरी गोष्ट अशी होती की तिला रोज दुपारी स्वतःचं घर सापडत नव्हतं.

नवघरच्या त्या सोसायटीला तीन विंग होत्या, ए, बी आणि सी. बांधणाऱ्याला बहुधा एकच नकाशा येत असावा. तिन्ही जिने सारखे, दारं सारखी, दारांचा रंगही तोच मेला चॉकलेटी. धडधाकट डोळ्यांचा पाहुणासुद्धा तिथे गडबडायचा. भीमाबाईला तर मोतीबिंदूनं जग वाफ धरलेल्या काचेतून बघितल्यासारखं दिसायचं. उजेड कळायचा, समोर माणूस आहे एवढं कळायचं, पण कोण ते त्यानं तोंड उघडल्याशिवाय नाही. आणि हे तिनं घरात एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

का सांगितलं नव्हतं? एक तर तिचा नवरा कोंडिराम. गावाकडच्या एका शिबिरात त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात पू झाला आणि उरलेला तो एक डोळाही गेला. पुढे मरेपर्यंत तो ओट्यावर बसून कोण आलं, कोण गेलं विचारत राहिला. ते बघितलेली बाई डॉक्टरचं नाव कशाला काढेल? आणि दुसरं म्हणजे संघप्रियाची नोकरी. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागून तिला दोन वर्षं झाली होती. संध्याकाळी घरी आली की आल्या आल्या बोलायला लागायची, सुपरवायझरच्या नकला करायची, पोरगी अगदी फुलून गेली होती. नातीला, पंचशीलाला, बालवाडीत सोडायचं आणि आणायचं काम आजीकडे होतं म्हणूनच ते जमत होतं. आजीला दिसत नाही असं कळलं की दुसऱ्या दिवशी सून घरी बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मग भीमाबाईनं डोळसपणाचं सोंग घेतलं, आणि पठ्ठीनं ते दोन वर्षं वठवलं.

ते वठलं तिच्या पायांमुळे. सोसायटीच्या फाटकात जुनं आणि नवं काँक्रीट जिथे भेटत होतं तिथे एक उंच कड होती. झिजलेल्या स्लीपरला ती लागली की समजायचं, आत आलो. पुढे पाण्याच्या पाइपवर काँक्रीटचा उंचवटा, तिथून उजवीकडे वळायचं. मग काँक्रीट फुटून झालेला एक खड्डा, तो आला की ए विंगचा जिना. प्रत्येक ठिकाणी ती क्षणभर थांबायची, अंगठ्यानं चाचपायची आणि राणीसारखी पुढे जायची. ज्या वाटेला सगळी सोसायटी शिव्या द्यायची, ती वाट या बाईला बोट धरून घरी आणत होती.

आता धम्मपालचा धंदा ऐका. काँक्रीटची घासाई आणि कटाई. बंगल्यांच्या, सोसायट्यांच्या दारातले उतार, पायवाटा, जिथे वर आलं असेल तिथे मशीननं घासायचं, जिथे काढायचं असेल तिथे कटरनं कापायचं. हात चांगला होता त्याचा. मीरा रोडपासून लोक बोलवायचे. अशा माणसाची आई रोज दारातल्या उंचवट्यापाशी थबकते, अंगठ्यानं चाचपते, हे त्यानं गॅलरीतून बघितलं आणि त्याच्या काळजात चर्र झालं. आईचे गुडघे गेले, तिला ठेच लागायची भीती वाटते, आणि आपण गावभर दुसऱ्यांची अंगणं साफ करत फिरतोय. असा त्यानं अर्थ लावला. आता याला काय म्हणावं? माया होती हो, दुसरं काय.

सेक्रेटरी बबनराव एका पायावर तयार झाले. रविवारी धम्मपालनं मशीन आणलं, दिवसभर पाणी मारत घासलं. फाटकातली कड गेली, पाइपवरचा उंचवटा गेला, खड्डा भरून त्याच्यावरही हात फिरला. राखाडी चिखल धुऊन टाकल्यावर वाट अशी सपाट झाली की पोरं लगेच गोट्या खेळायला बसली. भीमाबाई वर मशीनची घरघर ऐकत होती. मशीन इथेच चालवून बघतोय की काय, तिला काही कळेना.

"माय, खाली चल. तुझ्यासाठी केलंय," तो म्हणाला. त्यानं तिला हाताला धरून खाली नेलं. ती चालली. पायाला काहीच लागलं नाही.

"कसं झालंय?"

"लई चांगलं झालंय बाबा," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

सोमवारी नातीला बालवाडीत सोडून ती एकटी परतली. फाटकावरचा वॉचमन ईश्वर रोजच्यासारखा "नमस्ते माताजी" म्हणाला, म्हणून आत आलो एवढं समजलं. पुढे सगळा गोंधळ. उजवीकडे वळायची जागा आली, की गेली, की यायचीय? ती थांबली, पुन्हा चालली, एका जिन्यानं वर गेली आणि कुलपाला किल्ली लावायला लागली. कुलूपच सापडेना. तेवढ्यात दार आतून उघडलं.

"अरे भीमाबेन, आओ आओ," आतून हंसाबेनचा आवाज आला. हंसाबेन राहायची सी विंगमध्ये.

भीमाबाईच्या अंगाला घाम फुटला, पण डोकं जागेवर होतं. "थोडा विरजण मंगता था," ती म्हणाली, "दही लगाने को."

मंगळवारी खूप डावीकडे होऊन चालली, तर बी विंगमध्ये कुणाच्या तरी चपलांच्या ढिगावर आदळली, तिथेही विरजणच मागितलं. बुधवारी पुन्हा हंसाबेन. गुरुवारीही हंसाबेनच. आता तर ती वाटी भरूनच ठेवायची, आणि या मराठी बाईच्या घरी रोजचं दही लागतं तरी कसं, असा तिलाही प्रश्न पडला असणार. दर खेपेला ती भीमाबाईला ए विंगमधल्या तिच्या दारापर्यंत सोडायला यायची, गप्पा मारत मारत, म्हणून ती कशीबशी घरी पोचायची. रात्री अंथरुणात भीमाबाई मनातल्या मनात वाट चालून बघायची आणि मनातही चुकायची.

शनिवारी बालवाडीतून येताना पंचशीलाला कणकण होती. पोर आजीच्या खांद्यावर झोपली. एरवी तीच पुढे उड्या मारत बोट ओढायची, त्यामुळे येताना निभायचं. आज भीमाबाई दुकानांच्या कडेकडेनं, आवाज ओळखत आली. फाटकाशी ईश्वरचा आवाज येईल म्हणून कान लावून चालत राहिली. ईश्वर नेमका चहाला गेला होता. पाय कड शोधत होते आणि कड तर नव्हती. आत आलो असू, असं धरून ती उजवीकडे वळली.

ब्रेक करकचून लागले. कसला तरी गरम पत्रा तिच्या मांडीला घासून थांबला. "मरना है क्या? बच्ची को लेके रोड के बीच में?" रिक्षावाला ओरडत होता. पंचशीला जागी होऊन रडायला लागली. भीमाबाई तिला छातीशी धरून तिथेच उभी राहिली, कारण कुठल्या बाजूला सरकायचं तेच तिला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी सुनेनं चप्पल काढायच्या आत भीमाबाईनं सगळं सांगून टाकलं. कोंडिराम, कड, उंचवटा, हंसाबेन, रिक्षा. सांगताना कुठे रडली नाही. संघप्रियानं पोरीला उचलून मांडीवर घेतलं, तिचा आवाज भीमाबाईला आला. पण सुनेचा चेहरा कसा झाला, तो रागाचा आहे की दुःखाचा, हे तिला दिसलं नाही, आणि तेवढंच तिला फार लागलं.

"आत्या, तुम्ही मला सांगायचं होतं हो," संघप्रिया म्हणाली.

धम्मपालनं आईचा पाय हातात घेतला, अंगठा बघितला, आणि उठून बाहेर गेला.

रविवारी सकाळी तो कटर घेऊन आला. फाटकापासून ए विंगच्या जिन्यापर्यंत त्यानं दोरी ताणून लाल रेघ आखली. बबनराव धावत खाली आले, "अरे, आत्ता तर केलंस, परत कापतोस काय?" त्यांना काही उलगडेना. धम्मपाल आईकडे वळला. "माय, खोल खाच मारून देतो," तो म्हणाला, "जिन्यापर्यंत. पाय तिच्यावरून सोडायचाच नाही. कुणाला काही कळायचं नाही, तुझं चालू राहील."

भीमाबाई उन्हात उभी होती. तिला ती खाच हवी होती. इतकी हवी होती की तिचा अंगठा आपोआप जमीन चाचपायला लागला. त्यानं मशीन चालू केलं, पातं फिरायला लागलं.

"बंद कर," ती म्हणाली.

त्याला ऐकू गेलं नाही. ती आवाजाच्या दिशेनं चालत गेली, तेव्हा त्यानं घाबरून बंद केलं.

"तू खाच मारून दिलीस तर मी अशीच चालत राहीन," ती म्हणाली. "अन् उद्या पुन्हा पोरीला खांद्यावर घेऊन निघीन. मी ओळखते ना मला. मला दवाखान्यात ने."

"माय, बाबांचं तसं झालं म्हणून तूच तर..."

"झालं ना. भ्या वाटतंय मला. लई भ्या वाटतंय, काल रात्रभर वाटलंय. म्हणून तर आत्ताच म्हणते, ने."

गॅलऱ्यांमधून माणसं बघत होती. तिला ती दिसत नव्हती, पण असणार हे ठाऊक होतं. दोन वर्षं या सगळ्यांच्या समोरून ती मान ताठ ठेवून, कुणाचा आधार न घेता गेली होती. तिनं हात पुढे केला, तो धम्मपाल होता त्याच्या थोडा बाजूलाच गेला.

"धर," ती म्हणाली.