रिठ्याच्या फेसातली मोजणी

बाटलीत आम्ही अकरा आहोत. आठ नर, तीन माद्या. प्रत्येकी सहा याप्रमाणे पाय सहासष्ट असायला हवेत. एकसष्ट अंगाला आहेत, तीन तळाशी पडले आहेत आणि दोन कुठे गेले ते कोणालाच माहीत नाही. मित्रांनो, या अकरा जणांत ज्याच्या पोटाचे टोक कापलेले दिसते, तो मी. एके काळी मी पाण्यावर धावत असे.

माझा जन्म बांद्याच्या वरच्या डोंगरात एका व्हाळात झाला. हा डोंगरातला ओढा उन्हाळ्यात आटतो आणि खडकातल्या खोलगट जागीच पाणी उरते. तिला कोंड म्हणतात. आमची कोंड लांबीला बारा पावले, रुंदीला सात. पाण्याखालच्या दगडाला चिकटवलेल्या अंड्यातून मी बाहेर आलो. मोठा होईपर्यंत पाच वेळा कात टाकली. कात टाकताना अंग मऊ पडते, धावता येत नाही. तिसऱ्या खेपेला माझ्या शेजारचा असा मऊ पडला होता. आम्ही एकाच दगडावर जन्मलो होतो. मी त्याच्या अंगात सोंड खुपसली आणि त्याला शोषून घेतले. मला भूक लागली होती.

आमचे पुढचे पाय शिकार धरायला, मधले वल्हवायला, मागचे दिशा द्यायला. पायांवर इतके बारीक केस असतात की पाणी त्यांना भिजवत नाही. पाण्याचा पृष्ठभाग आमच्या भाराने ताणलेल्या कापडासारखा किंचित वाकतो, पण फाटत नाही. मुंगी पाण्यात पडली की तिच्या धडपडीच्या लाटा आम्हाला पायांनी कळतात. ती मरण्याची वाट आम्ही पाहत नाही.

पंख मात्र आम्हाला नव्हते. पंख असलेले किडे आटणारे पाणी सोडून उडून जातात. आम्हाला पाऊस येईपर्यंत त्याच कोंडीत तग धरायचा होता. वरची कोंड त्या साली फाल्गुनातच कोरडी पडली होती आणि खालची गुरांनी ढवळली होती. आम्ही संपलो तर मागे कोणी उरणार नव्हते.

१९८४ च्या एप्रिलमध्ये सुनीती आली. ती जामसंड्याच्या एका मास्तरांची मुलगी. विज्ञानाची पदवी घेऊन तिला दोन वर्षे झाली होती आणि बांद्याला आत्याकडे राहून ती रोज व्हाळ चढून येई. तिच्याजवळ जाळे, भिंग, घड्याळ आणि रेघांची वही असे. तासन्‌तास ती एका दगडावर बसून आम्हाला पाही. नर पाण्यावर पाय आपटून लाटा काढतो आणि मादीला बोलावतो, हे तिने माझ्यावरूनच टिपले. मिनिटाला किती लाटा, तेही लिहिले. इतके लक्ष देऊन मला कोणी कधी पाहिले नव्हते.

आम्ही कोणत्या जातीचे हे तिला पुस्तकात सापडेना. पुण्याच्या तिच्या सरांनी पत्रातून कळवले होते की नराचे नमुने पाठव आणि कोंडीतली एकूण संख्या नक्की सांग. अंदाज चालणार नाही. पण आम्ही क्षणभरही एका जागी थांबत नव्हतो. पहिल्या दिवशी तिची मोजणी एकशे अठरा आली, दुसऱ्या दिवशी एकशे एकतीस, तिसऱ्या दिवशी एकशे नऊ. दुसरा मार्ग होता. काहींना पकडून पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा, सोडायचे, पुन्हा पकडायचे आणि ठिपकेवाले किती सापडतात त्यावरून हिशोब मांडायचा. त्याला आठ दिवस लागतात. सरांच्या मुदतीला तीन उरले होते.

खालच्या वाडीतली तुळसा लाकडे न्यायला त्या वाटेने येई. सुनीतीला पाहून ती भारा उतरून टेकली.

"काय गो बाय, माणसांची शिरगणती सरली, आता किड्यांची काय?"

सुनीतीने हसून सांगितले की हे किडे धावतात म्हणून आकडा जुळत नाही. तुळसा म्हणाली की तिच्या पोरांचाही जेवणाच्या वेळी जुळत नाही, चार पाने घातलेली असताना सहा लागतात. मग भारा डोक्यावर घेता घेता तिचे लक्ष सुनीतीच्या पिशवीकडे गेले. पिशवीत एक झाकलेला डबा होता.

"हय साबण लावचो नाय हां बाय. आमच्या आज्यानपण लावूक नाय."

सुनीतीने साबण लावणार नाही असा शब्द दिला, आणि तो पाळला. डब्यात साबण नव्हता. रात्रभर भिजवून उकळलेले रिठ्याचे पाणी होते. रिठा रानातला, त्याने दागिने आणि रेशमी लुगडी धुतात, त्याने पाणी कसे बिघडेल, असे तिला वाटले. पृष्ठभागाचा ताण थोडा कमी झाला की आमचे पाय अडतील, आम्ही जागच्या जागी थांबू आणि तिची मोजणी होईल. तिने मापाने अर्धा डबा ओतला. फरक दिसेना, म्हणून उरलेलाही ओतला.

वाहते पाणी असते तर फेस निघून गेला असता. कोंडीतून पाणी कुठेच जात नव्हते.

माझा डावा मधला पाय आधी आत गेला. केस पहिल्यांदाच ओले झाले. मी दुसऱ्या बाजूने जोर केला तेव्हा तोही पाय गेला. सगळीकडून एकाच वेळी धडपडीच्या लाटा येत होत्या, मुंगी पडल्यावर येतात तशाच. पोट पाण्याला टेकले, पाणी श्वासाच्या छिद्रांत शिरले. पिल्ले आमच्या आधी बुडाली. थोड्या वेळाने मासे तोंड वर काढून उलटे व्हायला लागले.

तुळसा परत येताना थांबली.

"साबण नाय म्हणालंस. मगे फेस कसलो?"

"रिठा आहे, मावशी. झाडाचाच."

"माशांका काय कळता, झाडाचो काय दुकानाचो?"

 सुनीती गुडघाभर पाण्यात उतरली आणि जाळ्याने आम्हाला तळातून काढू लागली. मोठे एकशे सव्वीस. तिने पुन्हा मोजले. एकशे सव्वीस. पहिल्यांदाच दोन मोजण्या जुळल्या होत्या. अकरा जणांना तिने स्पिरिटमध्ये घातले. बाकीचे खडकावर राहिले आणि मुंग्या आल्या.

पुण्याला सरांनी माझ्या पोटाचे टोक सुईने तोडून ते कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. तिथला मादीला धरायचा आकडा कोणत्याही ज्ञात जातीशी जुळत नव्हता. त्यांनी मला उत्कृष्ट नमुना म्हटले, संख्या इतकी अचूक मिळाली म्हणून सुनीतीचे कौतुक केले. मात्र जात नवी ठरवायची तर त्याच कोंडीतले जिवंत किडे पाहावे लागतील, असे लिहून त्यांनी बाटली परत पाठवली.

आता मी जामसंड्याच्या घरात कपाटावर आहे. स्पिरिट उडत चालले आहे आणि बाटलीतल्या चिठ्ठीवरची शाई फिकी झाली आहे. जातीच्या नावाची जागा कोरी आहे. सुनीती शाळेत विज्ञान शिकवते आणि मला फार क्वचित खाली काढते. मित्रांनो, तुम्हालाही कधी एखादे लहान जीवन पाहावेसे वाटेल. पाहा, जवळून पाहा. पण ते थांबत नसेल तर तुम्ही थांबा. आकडा चुकला तरी चालेल.

दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ती बांद्याला जाते. परत आल्यावर वही माझ्या शेजारी ठेवते. वहीतली शेवटची नोंद अशी आहे:

२८ एप्रिल १९८९. सकाळी ८ ते ११. आकाश निरभ्र, वारा नाही. पाणी नितळ. मासे चौदा. पाण्यावर धावणारे किडे शून्य.