जब्बारने पाहिलेलं तोंड

लिंबाच्या मळ्यात रतिलाल शेठचा मुडदा सापडला आणि भडगाव तालुक्याचं नाव पहिल्यांदा मुंबईच्या पेपरात छापून आलं. साल सत्त्याऐंशी. शेठ कापसाचा व्यापारी. गिरणा नदीकाठचा हा मळा त्याने नुकताच विकत घेतला होता, आणि पाटाच्या पाण्यावरून शेजारच्या दोघा भावांशी, गिरधरशी आणि अभिमनशी, त्याची सारखी तू-तू मैं-मैं चाले. कोयत्याने मानेवर घाव घातलेला. पोलिसांनी धाकट्याला, अभिमनला, उचललं, कारण भडगावच्या सायकलवाल्या जब्बारने त्याला तिन्हीसांजेला मळ्यातून पळत बाहेर येताना समोरासमोर पाहिलं होतं. लोकांना काय, फुकटचा तमाशा! ट्रॅक्टर भरभरून माणसं मळा बघायला यायची आणि जाताना खिसे भरून लिंबं घेऊन जायची.

अभिमनची बायको प्रमिला एवढंच सांगत होती की नवरा तापाने फणफणला होता आणि घरी खाटेवर पडून होता. ऐकणारा हसायचा. बायको दुसरं काय सांगणार?

पण लोकांचं हसणं एक वेळ परवडलं. प्रमिलेला पोखरत होतं ते वेगळंच. त्या संध्याकाळी ती गाय दोहायला गोठ्यात गेली होती. गाय पान्हा सोडत नव्हती, वेळ लागला होता. ती परत आली तेव्हा अभिमन खाटेवरच होता, पण कपाळावर घाम होता. ताप उतरल्याचा घाम की धावून आल्याचा? हा किडा एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच. भाकरी थापताना, झाडताना, देवापुढे हात जोडताना, सगळीकडे तोच. कोर्टात तारीख जवळ येत होती, फाशीच होणार असं पेपरवाले आधीच ठरवून बसले होते, आणि घरात ही बाई स्वतःच्या नवऱ्याचा घाम आठवत बसली होती.

शेवटी बाजाराच्या दिवशी तिने जब्बारचं दुकान गाठलं. वाटेत ठरवलं होतं की भररस्त्यात त्याला शिव्या घालायच्या. तो चाकाच्या तारा आवळत होता. तिला ओळखून तो उभाच राहिला.

"बहन, अभिमनशी माझं काय वाकडं?" तो म्हणाला. "त्याची सायकल मीच दुरुस्त करतो, चहा बरोबर पितो. तोंड पाहिलं म्हणून सांगितलं. अल्ला कसम, नसतं पाहिलं तर बरं झालं असतं."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं बोलणारा माणूस असा रडत नाही, हे प्रमिलेला कळलं आणि ती शिव्या न देताच परत फिरली. आता तर तिला झोपच येईना.

तिने जेठाला, म्हणजे थोरल्या दिराला, गिरधरला, जावेकरवी निरोप धाडला की मला एकदा जेलात नेऊन यांना भेटवा. थेट कशी बोलणार? जेठासमोर तिच्या घरात हनुवटीपर्यंत पदर ओढायची रीत. अंगण एकच, चुली दोन, आणि चार वर्षांच्या संसारात तिने जेठाचे जाडे पाय तेवढे पाहिले होते आणि जाडा आवाज ऐकला होता. उलट निरोप आला की बायामाणसांनी जेलची पायरी चढायची नसते. वकील मी लावला आहे, काय ते मी बघतो. हे 'मी बघतो' म्हणणारा माणूस कोर्टात मात्र एकदाही फिरकला नव्हता. भावाला बेड्यांत पाहवत नाही म्हणे. गावानेही त्याच्या मायेचं कौतुक केलं.

मग एका सकाळी प्रमिला कोणाला न विचारता निघाली. जळगावच्या एसटीत मागच्या बाकावरचे दोघं याच खटल्यावर भांडत होते. एक म्हणत होता जन्मठेप, दुसरा म्हणत होता लटकावलाच पाहिजे. ती पदराआड ओठ चावत खिडकीला टेकून बसली. नवऱ्याला एकच विचारायचं होतं: मी गोठ्यात असताना तुम्ही कुठे होतात? तो 'मळ्यात' म्हणाला तर पुढे काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं.

जेलच्या गेटवर शिपायाने अडवलं. "बाई, पदर वर करा. तोंड दिसल्याशिवाय आत सोडत नाही मी."

तिने पदर वर केला. तेवढ्यात आतलं छोटं दार उघडलं आणि अभिमन बाहेर आला.

अभिमनच. तेच बसकं नाक, तीच मिशी, तेच कपाळ, डाव्या गालावर तसाच खळगा. प्रमिलेच्या अंगात वारं भरलं. सगळे किडे, सगळा घाम एका क्षणात विसरून ती धावली आणि तिने त्याचा हात घट्ट धरला.

"सुटनात! सुटनात ना तुम्ही!"

त्याने हात सोडवायला झटका दिला. मग म्हणाला, "सोड."

आवाज जाडा होता. तिने खाली पाहिलं. पायही जाडे होते.

"अहो बाई, तो सुटला कुठे? हा त्याचा भाऊ, भेटून चाललाय," शिपाई हसत म्हणाला. "मीसुद्धा पहिल्यांदा असाच फसलो होतो."

तिने हात सोडला. बोटं विस्तव धरल्यासारखी जळत होती. जेठाला शिवली म्हणून नव्हे. जब्बार खोटं बोलला नव्हता, आणि नवऱ्यानेही काही केलं नव्हतं, हे दोन्ही एकदमच कळलं म्हणून. गावाने या भावांना लंगोटीत पाहिलेलं. गावाला एक गिरधर दिसे, एक अभिमन. सारखेपणाकडे कोणाचं लक्षच नव्हतं. जब्बार परगावचा, त्याच्या ओळखीचं तोंड एकच; दुसरं त्याला दिसू नये म्हणूनच जेठ कोर्टात फिरकत नव्हता. आणि जिने बघायला हवं होतं तिचे डोळे गावानेच झाकून ठेवले होते. काय पण रीत!

ती आत गेली. जाळीपलीकडे अभिमन आला. दाढी वाढलेली, गाल बसलेले.

"तू काबर उनी?" ती इथे का आली, हेच त्याने आधी विचारलं.

"तुमले माहीत शे ना? जब्बारभाऊनी कोनले दखं ते?"

त्याने नजर जाळीच्या तारांवर वळवली. "दादानी माले न्हानाना मोठा कया," तो हळूच म्हणाला. "बाप मरना तवय दादाच व्हता. वकील म्हनस, मी सुटसू."

"आनि नही सुटनात तर?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि तिला दिसलं की हा माणूसही महिनोन् महिने झोपलेला नाही. तिला त्याचा भयंकर राग आला आणि त्याहून भयंकर माया आली. आपण याच्यावर संशय घेतला होता, याची लाजही वाटली. पण लाजत बसायला आता सवड नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा गिरधर कडुनिंबाखाली थांबला होता. तिला घरी न्यायला, अर्थात. आजूबाजूला मुलाकातीला आलेली माणसं शिदोऱ्या सोडून बसली होती. प्रमिला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने त्याच्या तोंडाकडे नीट, पोटभर पाहिलं. ती बोलली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"लिंबना मळामाईन त्या दिन तुम्हीच निंघनात."

शिदोऱ्यांवरचे हात थांबले. गिरधरने नाही म्हटलं नाही. तो दातओठ खात एवढंच पुटपुटला, "पदर ले. लोके देखतस."

"देखू द्या," प्रमिला म्हणाली. "मन्हा धनीनं तोंड बठ्ठा लोकेसनी पेपरमा दखं. आते तुम्हनंबी देखू द्या."

आणि तिने गेटवरच्या शिपायाला हाक मारली.