तारेच्या आत अकरा

ऋजुताने गुडघे टेकून पुन्हा मोजलं. अकराच. उल्हास नदीचा पूर ओसरला की दहिवलीच्या काठावर उगवणारी ही दुर्मीळ जांभळी फुलं तीन वर्षांपूर्वी इथे चाळीस होती. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या ऋजुताने तेव्हाच खटपट करून तारेचं कुंपण घालून घेतलं. तरी दरवर्षी फुलं कमीच. आत गवत कंबरभर माजलेलं, त्यात ती शोधावी लागत.

कुणीतरी उपटून नेत होतं, आणि कोण, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हशीसाठी काठावरचं गवत कापणारी कोंडी. करंजाच्या झाडापलीकडे पाऊल टाकलं की ही बया आडवी आलीच. आजही आली.

"तिकडं नका जाऊ बाई. घोणस हाय."

"परवा गांधीलमाश्या होत्या ना?"

"त्या पन हायेत."

ऋजुताचं डोकंच फिरलं. कोंडीला काठावर फिरकू देऊ नये, असा अर्ज तिच्या पिशवीत तयारच होता. आज मुद्देमालासकट पकडते, असं मनाशी म्हणत ती तरातरा करंजापलीकडे गेली आणि थबकली.

घोट्याइतकं कापलेलं गवत, आणि त्यात फुलंच फुलं. शंभरावर गेल्यावर तिने मोजणं सोडलं. गवत कापताना विळा प्रत्येक फुलाला वळसा घालून गेला होता.

"ही तू लावलीस?"

"मी कशाला लावू? गवत कापलं का ऊन लागतं, येतात आपली."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

कोंडीने डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली.

"तुमाला फूल दिसलं का तुमी तार घालता. मंग म्हशीला काय घालू? आन् तारेत फुलं तरी कुठं ऱ्हायली तुमची?"

ऋजुताला भरवर्गात चूक पकडली गेल्यासारखी लाज वाटली. ती मागे कुंपणाकडे वळली. विळा घट्ट धरून कोंडी तिच्या मागोमाग आली.

"आता हितं पन तार आननार का, बाई?"

ऋजुता कुंपणाच्या खांबाशी बसली आणि तारेचा पीळ उलगडू लागली. गंजलेली तार लवकर सुटेना.

"मावशी, आधी या बाजूने काप," ती म्हणाली. "अकरा आहेत. सांभाळून."