थर्मनचा सदरा

अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात थर्मनने ठासणीचं पिस्तूल झाडलं. गोळी हरणीच्या कमरेत बसली. ती पुढच्या पायांवर फरफटत राहिली. धाकट्या डॉर्सीने सुरा काढला.

"खबरदार!" थर्मन गुरकावला.

आपली शिकार दुसऱ्याने संपवली, तर आपल्या सदऱ्याचा तुकडा कापून तळावरच्या भिंतीला ठोकतात, हा तिथला रिवाज.

थर्मनने घाईघाईत पुन्हा गोळी ठासली, पण आधी बंदुकीची दारू घालायची विसरला. चाप ओढल्यावर नुसतंच फट्ट.

"दादा, हाल बघवत नाहीत रे तिचे."

"मग तोंड फिरव!"

नळीत अडकलेली ती गोळी उकरून काढण्यात पठ्ठ्याने अर्धा तास घालवला. तोवर हरणीने मान टाकली होती.

थर्मनने सदरा नीट खोचला. "बघ, माझ्याच गोळीने मेली!"