मोठ्या आवाजाचा हेडर

मला कमी ऐकू येतं. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, कारण लोकांचा स्वभाव मला ठाऊक आहे. बहिरा म्हटलं की आधी मोठ्याने बोलतात, मग बोलणंच कमी करतात, आणि शेवटी आपल्या तोंडावर आपल्याविषयी बोलायला लागतात. त्यापेक्षा माणूस विसरभोळा आहे असं समजलेलं बरं.

सुरतेत लिंबायतच्या कारखान्यांत लूमपाशी, म्हणजे यंत्रमागापाशी, उभं राहून जन्म काढला की कानांचं असं होतंच. दिवसभर तो खडखडाट. तरुणपणी त्याचं काही वाटत नव्हतं. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा लूम सोडला, एक जुनी सीएनजी पिकअप घेतली आणि त्याच कारखान्यांतले कापडाचे ताके उचलून पांडेसऱ्याच्या मिलांत पोचवायला लागलो. रंभा होती तोवर कानांचं झाकून गेलं. गाडीत ती शेजारी बसायची आणि लोक काय म्हणाले ते मला पुन्हा सांगायची, तेही जणू सहज बोलल्यासारखं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून नवागामच्या खोलीत मी एकटा आणि दारात गाडी.

गाडीशी मात्र माझं बरं चाललं होतं. तिचा आवाज मला यायचा. सकाळी किल्ली फिरवली की घरघर कानावर पडायची आणि घरात आणखी कुणीतरी उठलंय असं वाटायचं. हसा खुशाल, पण मी तिच्याशी बोलायचोही. मग यंदा दिवाळीनंतर तीही लोकांसारखी पुटपुटायला लागली. सिग्नलला मागची माणसं हातवारे करताना आरशात दिसली की मला कळायचं, इंजिन कधीच बंद पडलंय.

माझी मुलगी मयुरी पाचोऱ्याला असते. व्हिडिओ कॉल केला की तिचं एकच असतं, "आप्पा, गाडी विका आणि इकडे राहायला या." जावई सज्जन आहे, घर प्रशस्त आहे. पण तिथे जाऊन मी करू काय? ओट्यावर बसून दिवसभर लोकांची हलणारी तोंडं बघू? गाडी विकायची नव्हती. आणि आपली गाडी आपल्यालाच ऐकू येत नसेल तर ती किती दिवस चालवता येईल, हेही मला कळत होतं. मला फक्त तिचा आवाज परत पाहिजे होता.

तेवढ्यात मॅनिफोल्डला तडा गेला. इंजिनातला जळका धूर जिथून बाहेर पडतो ते ओतीव लोखंडाचं धूड म्हणजे मॅनिफोल्ड. तो तडकला की फटफट आवाज येतो म्हणतात. मला केबिनमध्ये वास यायला लागला, डोळे चुरचुरले, तेव्हा कळलं. कुणाला दुःख होईल, मला आनंद झाला. गाडी घेऊन सरळ धुडकूकडे गेलो.

धुडकूचं गॅरेज लिंबायतमध्येच आहे. एकेकाळी आम्ही एकाच रांगेत लूम चालवायचो. त्याने माझ्याआधी लूम सोडला आणि पाने हातात घेतले. सुरतेत माझं ज्याच्याशी बोलणं होतं असा हा एवढाच माणूस. रोज संध्याकाळी खेप संपली की मी त्याच्या बाकड्यावर जाऊन बसतो. बोलतो मीच. तो मान हलवतो, मधूनच "हां भो" म्हणतो, आणि क्वचित काही बोललाच तर गल्ली दणाणून जाईल असं ओरडून बोलतो, त्यामुळे माझीही सोय होते. रंभाच्या शेवटच्या दिवसाचं मी त्यालाच सांगितलंय. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, ओठ दिसत नव्हते, ती मला काहीतरी सांगत होती आणि ते मला कळलंच नाही. काय सांगायचं होतं तिला, हे मनातून जात नाही. हे मी मयुरीलाही सांगितलेलं नाही. धुडकूने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पाठीवर हात ठेवला. असा ऐकून घेणारा माणूस नशिबानेच मिळतो.

तडा बघून धुडकू म्हणाला, "नवा मॅनिफोल्ड टाकी देऊ का?"

"नाही. हेडर बसव," मी म्हणालो आणि भिंतीला टांगलेल्या एका जुन्या हेडरकडे बोट केलं. हेडर म्हणजे मॅनिफोल्डच्या जागी प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी. धूर मोकळा जातो, गाडी हलकी पळते आणि आवाज दणदणीत होतो. पहिल्या दोन गोष्टी मी त्याच्यासमोर दोनदा बोललो. तिसरी नुसती जाता जाता म्हटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं उधन्याच्या बाजारात गेलो. दुकानदाराने दोन हेडर समोर ठेवले. एक आखूड नळ्यांचा, साध्या लोखंडाचा. दुसरा लांब नळ्यांचा, स्टीलचा, इंजिनला टेकणारी पट्टी चांगली जाड. पातळ पट्टी तापली की वाकते आणि फटीतून धूर गळतो, म्हणून धुडकू त्या पट्टीवरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत होता. दुकानदाराने लांब हेडर उचलून त्यावर पाना हाणला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, आनो अवाज सांभळो!" ऐका म्हणे. धुडकूने डोळे मिटून मान डोलवली. "वा!" म्हणाला. मग मी काय मागे राहणार? मीही "वा!" म्हणालो. दुकानदाराने पुन्हा हाणला. आम्ही पुन्हा "वा!" केलं.

"दगा, हाऊच घे," धुडकू मला नावाने हाक मारून ओरडला, हाच घे म्हणे. "स्टीलले गंज चढाव नही." घेतला. वर मागच्या सायलेन्सरच्या जागी टाकायला आवाज न अडवणारा मोकळा डबाही मी त्याला बोटाने दाखवला. त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि डबा उचलला.

बसवायला पुरा दिवस गेला. जुने नट गंजून असे बसले होते की जसे काही हट्टाला पेटलेत. धुडकूने त्यांना रात्रभर तेल पाजलं होतं, सकाळी गॅसच्या ज्योतीने तापवलं आणि एकेक सोडवला. एक तुटलाच, तो ड्रिल मारून काढावा लागला. लांब नळी स्टिअरिंगच्या दांड्याला घासत होती, तिथे इंजिन जरासं उचलून वाट केली. गॅस्केट घातलं, नट मधून सुरू करून कडेकडे आवळले. मी दिवा धरून उभा होतो. समोरच्या ओट्यावर सरलाबाई साड्यांना खडे चिकटवत बसल्या होत्या, त्या दिवसभर आमच्याकडे बघून काहीतरी टोमणे मारत असाव्यात, कारण स्वतःच हसत होत्या.

दुपार कलली तेव्हा धुडकू हात पुसत समोर उभा राहिला आणि ओरडला, "हान चावी!"

मी देवाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली.

सरलाबाईंनी दोन्ही कानांवर हात दाबले. मांडीवरची साडी घसरली, खडे सांडले. सायकलवाला थांबून कानात बोटं घालून वळून बघायला लागला. शेजारच्या दुकानाचं पत्र्याचं शटर थरथरत होतं. माझ्या बुडाखालची सीट थरथरत होती, तळपाय झिणझिणत होते. आणि कानात? शेजारच्या घरात कुणी दळण दळत असावं, तेवढंच. मी ॲक्सिलरेटर दाबला. सरलाबाई उठून घरात पळाल्या. दळण तेवढंच राहिलं.

मी वाट बघत राहिलो. मला वाटलं आता वाढेल. इतका हताश, इतका एकटा मी रंभाला पोचवून आलो त्या दिवशीही नव्हतो. त्या दिवशी निदान घर भरलेलं होतं.

धुडकू समोर उभा होता, खूश दिसत होता. त्याने हाताने विचारलं, कसं वाटतं? तो हात बघून मला कारखाना आठवला. लूम चालू असताना तिथे तोंडाने बोलण्याचा काही उपयोग नसतो, आम्ही सगळे खुणांनीच बोलायचो. तोंडाने बोलायचं असतं तर मी सरळ "बेस्ट" म्हणालो असतो. पण खुणेने खोटं बोलायची कधी सवयच नव्हती. मी कानाला बोट लावलं आणि पंजा उलटा केला. येत नाही.

त्याचं हसू गेलं. त्याने हातातलं फडकं खाली टाकलं. मग त्याने तेलकट बोट स्वतःच्या कानाला लावलं आणि पंजा उलटा केला.

मी खुणेने विचारलं, कधीपासून? त्याने हात खांद्यावरून मागे टाकला. फार पूर्वीपासून. लूम सोडला तेव्हाच.

सायकलवाला आपल्या वाटेने गेला.  म्हणजे दोन वर्षं त्या बाकड्यावर मी जे बोललो ते सगळं हवेत गेलं होतं. रंभाच्या शेवटच्या दिवसाचं मी अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

धुडकूच्याही ते ध्यानात आलं असावं. तो बॉनेटपाशी सरकला, माझ्या हातांवर नजर लावून उभा राहिला आणि त्याने मान उडवून खुणेने विचारलं, काय सांगत होतास तू?

मी दोन्ही हात वर केले. धागा तुटला, याला खूण आहे. ताण्याचा बीम संपला, शेठ आला, पाणी आण, सुट्टी झाली, सगळ्याला आहे. ती मला काहीतरी सांगत होती आणि ते मला कळलं नाही, याला खूण नाही. कारखान्यात कुणाला कधी लागलीच नव्हती.

इंजिन चालूच होतं. सरलाबाई दारात येऊन ओरडत होत्या. धुडकूने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो माझ्या हातांकडे बघत थांबला होता, आणि मी हात वर धरून बसून राहिलो.