राजमतीचं अक्षर

“आनखी दोन वर्षं?” राजमतीनं विचारलं.

सासऱ्यांनी, आप्पांनी, मुलाचं पत्र पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. १९११ साल होतं. वर्धमान मुंबईची बी.ए. करून विलायतेला गेला होता, एका वर्षाच्या बोलीवर. आता लिहीत होता, की इथलं विद्यापीठ मुंबईची पदवी पुरी धरत नाही. परीक्षेआधी इथं राहूनच सगळी सत्रं भरावी लागतात. मध्येच एक मोडलं, तर मागचीही जातात.

“हितली बी.ए. तिकडं बी.ए. न्हाय व्हय?”

“देश बदलला की कायदा बदलतो, पोरी.”

दिवाळीनंतर राजमती आणि वर्धमानाची चार वर्षांची कांता घटसर्पानं गेली. तीन दिवसांत. निपाणीहून डॉक्टर येईपर्यंत तिचा श्वास थांबला होता.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी पटका बांधला. “तार करून येतो.”

राजमती दारात आडवी उभी राहिली. “नगा, आप्पा. तार बघून ते बोटीत बसतील. सत्र मोडंल. पोर तर गेलीच, त्यांची वर्षं बी कशाला घालवायची?”

त्या महिन्यात आप्पांनी लिहिलं, सगळे खुशाल. पुढच्या महिन्यात त्यांनी दौत बाजूला सारली. “मला न्हाय लिवायला हुईत ह्ये खोटं.”

“मग मला शिकवा,” ती म्हणाली.

भाकऱ्या आटोपल्या की ती चुलीपुढच्या राखेत अक्षरं गिरवायची. ‘क’ला काना दिला की बोट तिथंच थांबायचं. तोवर आप्पांच्या पत्रांत कांताचं नाव नसायचं. सहा महिन्यांनी तिनं स्वतः पत्र लिहिलं: ‘कांता बाराखडी शिकते. काना विसरते.’ वर्धमानाचं उत्तर आलं, तिला रागावू नको.

पदवी घेऊन तो परतला. अंगणात येऊन त्यानं हाक मारली, “कांता!”

आप्पा उठून परसात गेले.

राजमतीनं सगळं सांगितलं. उभ्यानंच. तिचा आवाज शेवटी फक्त एकदा फाटला.

तो उंबऱ्यावर बसला. त्यानं ट्रंकेतून तिची पत्रं काढली.

“मग बाराखडी कोन शिकत हुतं?”

“मी.”

त्यानं वरचा कागद तिच्यापुढं धरला.

“ह्यात खरं काय हाय गं?”

ती शेजारी बसली आणि तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं नुसतं तिचं नाव होतं.