बिनकिडीची वांगी

आमोस भल्या सकाळी वांगी तोडून आला, तवाच त्याच्या बायकोच्या, जास्मिनच्या मनात पाल चुकचुकली. एरवी हाका मारून घसा बसतो तवा हा गडी उठतो, आन आज पाटी भरून दारात!

आज कापणीचा सण. ज्यानं त्यानं शेतातलं चांगलं ते चर्चमदी देवापुढं ठिवायचं, आन प्रार्थना झाली की त्याचंच समद्या मंडळीला जेवान. पाटीतली वांगी अशी तुकतुकीत, की नजर ठरंना.

"अवो, कोंच्या सरीतली ही?"

"आपल्या शेतातली. अजून कुठली आसत्यात?"

"विहिरीकडची का रस्त्याकडची?"

विहिरीकडच्या दोन सऱ्या घरच्या खान्यासाठी. तिथं औषधाचा थेंब न्हाई. रस्त्याकडचा माल राहुरीच्या बाजाराचा. परवाच ह्यानं फवारनीचा पंप धुतलेला तिनं डोळ्यानं बघितला हुता.

"देवाला किडकं द्यायचं व्हय गं?" आमोस उखडला. "अर्पन निर्दोष पायजे. बायबलात काय सांगितलंय?"

सरळ उत्तर सोडून मानूस बायबलात शिरला, की समजावं, कुठंतरी पानी मुरतंय.

चर्चमदी पाळकसाहेबांनी नेमकं बायबलातलं पयलं पुस्तक, उत्पत्तीच काढलं. "देवानं माणसाला बागेत ठेवलं ते मशागत करायला आणि ती राखायला. आपण मालक नाही, राखणदार आहोत. देवानं जे चांगलं केलं, त्यात आपण काय कालवतो?"

आमोस जास्मिनच्या कानाशी आला. "तूच कळवलंस न्हवं ह्यांना?"

"मी कशाला कळवू? तुमचंच मन खातंय तुमाला."

प्रार्थना झाली. समदा भाजीपाला मागच्या शेडात आला. स्टीफनचा फ्लावर पांढराशुभ्र, धनश्रीच्या काकड्या हिरव्यागार. म्हाताऱ्या रोझीमावशीच्या भेंड्या तेवढ्या वाकड्या न आळीनं भोकं पाडलेल्या. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मावशीनं तिकडं ध्यान दिलं न्हाई. ती विळीवर बसली आन पयलं वांगं हातात घेतलं.

आमोस-जास्मिनची पाच वर्साची नात मोनिका ताटली घेऊन पुढ्यातच बसलेली. जास्मिनला ऱ्हावलं न्हाई.

"अवो, हिला हितंच जेवू घालू ना?"

आमोसचं तोंड उतरलं. "नगं. ती घरी जेवंल."

"आन बाकीची लेकरं?"

आमोस गपकन उठला न मावशीच्या हातातलं वांगं काढून घेतलं. "शिजवू नका. परवाच औषध मारलंय. चुकलं माझं."

जास्मिनला वाटलं, आता लोक तोंडात शेन घालत्याल. पन जो तो दुसऱ्याकडं टकामका बघाया लागला. मग स्टीफन पुढं झाला. "आमचा फ्लावर बी... ऱ्हाऊ द्या आजच्याला." धनश्रीनं काकड्या मुकाट पिशवीत भरल्या. कुनाची तरी कोथिंबीर कवा गेली, कुनाला दिसलंच न्हाई.

उरल्या त्या मावशीच्या भेंड्या. तिनं आळ्या काढून त्या चिरल्या. भाताच्या कडंला चमचा-चमचा भाजी सगळ्यांना आली.

"आन ह्यो तांदूळ कुठला म्हनायचा?" आमोसनं भात चिवडत इचारलं.

"दुकानातला," मावशी म्हनाली.

समदी भात कालवाया लागली. भूक लई लागली हुती.